पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीचा एक्सल काढणे आणि चाकांची जुळणी घरच्या घरी करणे

एक्सल काढण्याचे काम एकाकडे आणि चाकांची जुळणी दुसऱ्याकडे, अशी विभागणी शहरात चालून जाते, कारण तेथे गॅरेजमधून निघालेली गाडी दहा मिनिटांत अलाइनमेंटच्या यंत्रावर चढते. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, माझ्या गावापासून भरवशाच्या यंत्रापर्यंतचे अंतर पन्नास किलोमीटरच्या घरात आहे, आणि त्यातले पहिले काही किलोमीटर पांदणीचे आणि उखडलेल्या डांबराचे आहेत. टो, म्हणजे चाकांची तोंडे पुढच्या बाजूस किती आत किंवा बाहेर वळली आहेत याचे माप, बराच बिघडलेला असेल, तर एवढ्या प्रवासातही नव्या टायरची कड खरवडली जाते. म्हणून गोठ्याशेजारच्या छपरीत जुनी मारुती ८००, झेन किंवा आल्टो उभी करून हौसेने ती उभारणाऱ्याने ही दोन्ही कामे एकच मानावीत, असे माझे मत आहे. ज्या बोल्टला हात लावायचा त्याची जागा आधी टिपावी, ज्याला हात लावण्याची गरज नाही तो ढिला करू नये, आणि यंत्रापर्यंत गाडी सरळ जाईल एवढी जुळणी दोरीने घरीच करून घ्यावी.

गॅरेजमध्ये ज्याला एक्सल म्हणतात तो खरे पाहता ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा होय. बंडीचा आस जागच्या जागी राहतो आणि चाक त्याच्यावर फिरते. ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीत इंजिनाची ताकद लांब शाफ्टने मागच्या चाकांकडे जात असे आणि पुढची चाके केवळ वळत असत. मारुती ८०० मध्ये मात्र पुढच्याच चाकांना ओढायचेही असते आणि वळायचेही असते, शिवाय खड्ड्यात वर-खालीही व्हायचे असते. त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात. चाकाकडील जॉइंटमध्ये सहा गोळ्या असतात आणि तो मोठ्या कोनात वळू शकतो. गिअरबॉक्सकडील जॉइंट बहुधा तीन रोलरचा असतो आणि तो आत-बाहेर सरकतो, त्यामुळे चाक वर उचलले गेले की शाफ्टची लांबी जणू आपोआप जुळवून घेतली जाते. हे सरकणे लक्षात ठेवावे, कारण काढताना होणारी सर्वांत नेहमीची चूक त्यातूनच होते.

पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली आणि तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तीस वर्षे चाललेल्या गाडीचे भाग तालुक्याच्या दुकानातही मिळतात, हा तिचा मोठा गुण आहे. पण त्या तीस वर्षांत भाग बदलत गेले, हेही खरे आहे. म्हणून जुना एक्सल हातात असल्याशिवाय नवा किंवा भंगारातला एक्सल विकत घेऊ नये. दोन्ही टोकांचे दाते मोजावेत, लांबी टेपने मोजावी, आणि ऑइल सील जेथे बसते तेथील व्यास ताडून पाहावा.

आधी खात्री, मग पाना

पूर्ण वळण घेऊन गाडी हळू पुढे नेताना चाकाकडून कट-कट असा आवाज येत असेल, तर बाहेरचा जॉइंट झिजला आहे. सरळ रस्त्यावर वेग धरताना गाडी थरथरत असेल आणि पाय काढताच थरथर थांबत असेल, तर संशय आतल्या जॉइंटवर घ्यावा. एकसारखी घरघर, जी वेगाबरोबर वाढते आणि गाडी एका बाजूला झुकली की कमी-जास्त होते, ती बेअरिंगची असते. तिच्यासाठी एक्सल बदलल्यास पैसे वाया जातात. सर्वांत सोपी तपासणी डोळ्यांची आहे. स्टिअरिंग पूर्ण फिरवून जॉइंट झाकणाऱ्या रबरी बूटच्या घड्या उघडून पाहाव्यात. रिमच्या आतल्या बाजूस काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बूट फाटला आहे असे समजावे. फाटून आठ-दहा दिवसच झाले असतील आणि ग्रीस बोटांत चोळल्यावर खर लागत नसेल, तर जॉइंट धुऊन नवे ग्रीस व नवा बूट एवढ्यावर भागते. आपल्या भागात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि उन्हाळ्यात पिठासारखी धूळ दोन्ही त्या फटीतून आत जातात आणि ग्रीसमध्ये मिसळून घासणीचे काम करतात, म्हणून खर लागली की जॉइंट बदलणे इष्ट.

टायरचीही भाषा वाचावी. दोन्ही टायरची बाहेरची कड घासली असेल, तर चाके पुढच्या बाजूस आत वळलेली, म्हणजे टो-इन जास्त आहे. दोन्हींची आतली कड घासली असेल, तर टो-आउट आहे. टायरवरून आडवा हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागले, तरी दोष टोचाच असतो. एकाच टायरची एकच कड गेली असेल, तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरच्या बाजूने आत किंवा बाहेर असलेला झुकाव, तपासावा किंवा वाकलेला भाग शोधावा. हे निरीक्षण गाडी उचलण्यापूर्वी वहीत लिहून ठेवावे.

जागा आणि तयारी

काळी जमीन पावसात फुगते आणि वैशाखात भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण त्याच जमिनीवर घातलेली छपरीची फरशीही तिच्याबरोबर वर-खाली होते, हे आपण विसरतो. माझ्या गाडीचा कॅम्बर एका बाजूला सतत चुकीचा येत होता आणि मी दोन दिवस स्ट्रटकडे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या उभ्या खांबाकडे, पाहत बसलो होतो. शेजारचे गवंडी पाण्याची नळी घेऊन आले, चारही चाकांखालच्या जागा त्यांनी ताडून पाहिल्या आणि म्हणाले, “भाऊ, गाडी सरळच आहे, जमीन वाकडी झाली तुमची.” उजव्या पुढच्या चाकाखालची फरशी चौदा मिलिमीटर खचलेली होती. तेव्हापासून दर मोसमात नळीने पातळी पाहणे आणि कमी असेल तेथे टाइलचे तुकडे ठेवून चारही चाके एका पातळीवर आणणे, हा माझा पहिला नियम आहे.

उघड्या मातीवर जॅक लावूच नये. दुसरी सोय नसेल, तर जॅकखाली आणि स्टँडखाली दीड-दोन इंच जाडीची सागवानी फळी ठेवावी; नुसती शहाबादी फरशी मधोमध तडकते. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी. गाडीखाली जाताना गाडी कधीही केवळ जॅकवर असू नये, आणि विटांच्या थरावर तर नाहीच, कारण वीट सांगून फुटत नाही.

पुढची चाके उचलण्याआधी, म्हणजे सर्व काही जागेवर असतानाच, पुढे सांगितलेल्या दोरीच्या पद्धतीने टोचे माप घेऊन लिहून ठेवावे. नंतर टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगकडून येऊन चाक वळवणाऱ्या दांड्याच्या, लॉक नटबाहेर किती आटे उघडे दिसतात ते मोजावेत आणि नट, रॉड व रॉड एंड यांवरून एक सलग पांढरी रेघ ओढावी. दिवाळीत दरवाजाला लावलेल्या रंगाचा तळाशी उरलेला अंश यासाठी पुरतो.

एक्सल काढणे

सर्वांत घट्ट नट चाकाच्या मध्यभागी असतो आणि तो गाडी जमिनीवर असतानाच ढिला करावयाचा असतो. मधली टोपी काढल्यावर काही गाड्यांत खाचांचा नट आणि पिन दिसते, तर काहींत नटची कॉलर शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. दुसऱ्या प्रकारात अरुंद छिन्नीने ती कॉलर पूर्ण वर उचलल्याशिवाय नट फिरवू नये, नाहीतर शाफ्टचे आटे जातात. आदल्या रात्री डिझेल किंवा गंजविरोधी तेल सोडून ठेवावे. गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून हँडब्रेक ओढावा, एका माणसाला ब्रेकवर बसवावे, मापाची गोटी (सॉकेट) पूर्ण आत बसवावी आणि दांड्यावर लांब पाइप चढवून सावकाश वजन द्यावे. पाइपवर घण मारण्याचा मोह टाळावा, कारण तो धक्का बेअरिंगच्या गोळ्यांना बसतो. मारुतीच्या या लहान गाड्यांत दोन्ही बाजूंचे आटे नेहमीच्याच दिशेचे असतात.

नट ढिला झाल्यावर गाडी उचलून स्टँडवर घ्यावी, चाक काढावे आणि गिअरबॉक्सचे तेल उतरवावे. येथे एक क्रम पाळावा: आधी तेल भरण्याचा वरचा प्लग उघडतो की नाही ते पाहावे आणि मगच खालचा उघडावा. वरचा प्लग गंजून बसला असेल आणि तेल उतरवून झाले असेल, तर गाडी तेलाविना छपरीत अडकते. उतरलेल्या तेलात काजळासारखा बारीक धातूचा लेप दिसला तर हरकत नाही. नखाएवढे तुकडे दिसले, तर एक्सलचा विचार बाजूला ठेवून गिअरबॉक्सचा विचार करावा.

टाय रॉड एंड नकलमधून, म्हणजे चाकाचे बेअरिंग धरणाऱ्या ओतीव भागातून, सोडवताना पिन काढावी, नट चार आटे शिल्लक ठेवून ढिला करावा, आणि नकलचा जो डोळा त्या निमुळत्या खिळ्याला पकडतो त्याच्या एका बाजूस जड हातोडी टेकवून दुसऱ्या बाजूने दुसऱ्या हातोडीने एक-दोन नेमके घाव द्यावेत. डोळा क्षणभर दबतो आणि खिळा सुटतो. खिळ्याच्या टोकावर ठोकल्यास टोक फुलते, नट निघत नाही आणि रॉड एंड फुकट जातो. लॉक नटला मात्र हात लावू नये. तो जागेवर राहिला तर टो बहुतेक जागेवर राहतो.

यानंतर नकलला खालच्या आर्मशी जोडणारा बॉल जॉइंट. या गाड्यांत बॉल जॉइंटचा दांडा नकलच्या फटीत एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो आणि तो बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो, त्यामुळे बोल्ट ढिला करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. मग खालच्या आर्मवर पहार टेकवून तो खाली दाबला, की दांडा निसटतो. ज्यांना पहारीने जमत नाही ते स्ट्रट आणि नकल यांना जोडणारे दोन बोल्ट काढतात, आणि येथेच जुळणी बिघडते. त्या बोल्टच्या छिद्रांत थोडी मोकळीक असते आणि तेवढ्या मोकळिकीने कॅम्बर बदलतो. नाइलाजाने ते काढावेच लागले, तर आधी स्ट्रटच्या कडेने नकलवर टोकदार खुणेने रेघ कोरावी आणि परत बसवताना रेघेवर रेघ आणावी.

आता नट शाफ्टच्या टोकाशी समपातळीत येईल असा फिरवून ठेवावा, त्यावर लाकडाचा ठोकळा धरावा आणि हातोडीने हलके ठोकून शाफ्ट हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या तुंब्यातून, मागे सारावा. ब्रेकची नळी ताणली जात असेल, तर कॅलिपर काढून तो तारेने स्प्रिंगला बांधावा. नळीवर लोंबकळत ठेवू नये. नकल बाहेर ओढून शाफ्टचे टोक मोकळे झाले, की शाफ्ट खाली सोडून न देता दोरीने आडवा बांधून ठेवावा, कारण मोठ्या कोनात लोंबल्यास आतल्या जॉइंटचा बूट फाटतो.

गिअरबॉक्सकडील टोक आत एका सर्क्लिपने, म्हणजे स्प्रिंगसारख्या तारेच्या कड्याने, अडकलेले असते. ते सोडविण्यासाठी जॉइंटची वाटी आणि गिअरबॉक्सचे आवरण यांच्या फटीत समोरासमोर दोन चपट्या पट्ट्या घालाव्यात आणि एकदम झटका द्यावा. पट्टी आवरणाच्या जाड भागावर टेकली आहे आणि ऑइल सीलच्या ओठावर नाही, हे दिव्याच्या उजेडात पाहूनच जोर लावावा. शाफ्ट धरून ओढणे म्हणजे सुरुवातीला सांगितलेली चूक: जॉइंट सरकता असल्याने रोलर वाटीतून निसटतात, वाटी गिअरबॉक्समध्येच राहते आणि बूट उघडून सगळे पुन्हा बसवावे लागते. दोन्ही बाजूंचे काम करायचे असेल, तर एक बाजू पूर्ण बसवून मग दुसरी उघडावी, कारण दोन्ही शाफ्ट एकाच वेळी बाहेर असले, तर काही गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियलच्या आतले गिअर सरकून बसतात. भोकात स्वच्छ सुती फडके कोंबावे.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी कार्तिकात मी डावा एक्सल काढून जॉइंट दुरुस्तीला दिला होता. त्याच आठवड्यात वेचणी सुरू झाली आणि कापूस ठेवण्यासाठी छपरी रिकामी हवी होती. पुतण्याने आणि मी चाक तात्पुरते लावून गाडी वीस-पंचवीस पावले ढकलत चिंचेखाली नेली. अशा हबमधले बेअरिंग शाफ्ट आणि त्याचा नट यांनीच दाबून धरलेले असते, ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. गाडीचा भार त्या मोकळ्या बेअरिंगवर आला, आणि नवा जॉइंट बसवल्यावर पहिल्याच फेरीत घरघर ऐकू आली. बेअरिंग प्रेसवर बदलावे लागले. शाफ्ट बाहेर असताना गाडी हलवावीच लागणार असेल, तर जुन्या बाहेरच्या जॉइंटचे टोक हबमध्ये घालून नट आवळावा आणि मगच चाक जमिनीला टेकवावे.

परत बसवणे

जॉइंटला बूटसोबत आलेलेच ग्रीस भरावे. बाहेरच्या जॉइंटला मॉलिब्डेनम असलेले काळे ग्रीस लागते; ट्रॅक्टरच्या निपलमध्ये भरतो ते पिवळे ग्रीस येथे टिकत नाही, मग ते घरात डबाभर का असेना. ऑइल सील नवे घालावे, त्याच्या ओठाला ग्रीसचे बोट लावावे आणि सर्क्लिप नवीच वापरावी. शाफ्ट सरळ धरून दाते जुळवावेत आणि वाटी ढकलावी. सर्क्लिप बसल्याचा ठक असा आवाज हाताला जाणवतो. नंतर वाटी धरून बाहेर ओढून पाहावी. ती हलली नाही म्हणजे बसली.

बॉल जॉइंटचा बोल्ट खाचेतून आरपार गेला आहे, याची दोनदा खात्री करावी. टाय रॉडच्या नटला नवी पिन घालावी. मधला नट मात्र चाक लावून गाडी जमिनीवर आल्यावरच पूर्ण आवळावा. मारुतीच्या लहान गाड्यांत याची आवळण साधारण १५० ते २०० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असते; आपल्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस पुस्तकातून घ्यावा आणि टॉर्क पाना कोणाकडून तरी मागून आणावा. तो मिळतच नसेल, तर हिशोब असा: आडव्या धरलेल्या दांड्यावर नटाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटर अंतरावर ६० किलो वजनाचा माणूस स्थिर उभा राहिला, तर सुमारे १७६ न्यूटन-मीटर होतात. माणसाने उड्या मारू नयेत, तोल सावरण्यासाठी छताला हात लावला तरी छताला टेकू नये, आणि पहिल्याच संधीला खऱ्या टॉर्क पान्याने तपासणी करून घ्यावी. गिअरबॉक्सला पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचे तेल घालावे. जीएल-४ सांगितले असता जास्त आकड्याचे म्हणून जीएल-५ घालू नये. त्यातील काही रसायने पितळी सिंक्रोनायझर रिंगांना मानवत नाहीत. गाडी समपातळीत असताना वरच्या भोकातून तेल ओघळू लागले, की पातळी बरोबर झाली.

दोरीने जुळणी

जुळणीला बसण्यापूर्वी चाक वर उचलून हात वर-खाली आणि डावे-उजवे धरून हलवून पाहावे. बॉल जॉइंट, रॉड एंड किंवा बेअरिंगमध्ये खेळ असेल, तर दोरी गुंडाळून ठेवावी, कारण सैल भागांची जुळणी पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते. हवा सकाळी, टायर थंड असताना, दोन्ही बाजूंना सारखी भरावी. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब साधारण एक ते दीड पीएसआयने वाढतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पहाट आणि दुपार यांत पंधरा अंशांहून जास्त फरक सहज पडतो.

जॅकवरून उतरलेली गाडी काही काळ पाय आखडून उभी राहते. तिला दहा-पंधरा फूट पुढे-मागे ढकलून आणि बॉनेटवर दाब देऊन बसू द्यावे. त्यानंतर पुढच्या चाकांखाली सरकती थाळी हवी असते. दुकानातली थाळी महाग पडते. मी युरियाच्या रिकाम्या गोणीचे दोन तुकडे घेऊन त्यांच्यामध्ये ग्रीसचा हात फिरवतो आणि चाक त्यावर चढवतो. टाय रॉड फिरवला की चाक अडखळत नाही, सहज वळते. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरते ते मोजून बरोबर मध्यावर आणावे आणि स्टिअरिंगचे चाक बांधून ठेवावे.

गाडीच्या दोन्ही बाजूंना, हबच्या मध्याच्या उंचीवर, पुढे-मागे दोन-दोन खुंट उभे करून गवंड्याचे सूत ताणून बांधावे. ही दोन सुते एकमेकांना आणि गाडीच्या मध्यरेषेला समांतर असली पाहिजेत. यातच सगळे कौशल्य आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील रुंदी सारखी नसते. मारुती ८०० मध्ये पुढची रुंदी मागच्यापेक्षा सुमारे १५ मिलिमीटर जास्त आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेसात मिलिमीटर. त्यामुळे पुढच्या हबच्या मध्यापासून सुतापर्यंत १०० मिलिमीटर अंतर ठेवले, तर मागच्या हबपाशी ते १०७.५ यायला हवे. रुंद रिम किंवा स्पेसर लावलेल्या गाडीत हा आकडा स्वतः मोजून काढावा. दोन्ही बाजूंची ही अंतरे जुळली, की पुढचे आणि मागचे खुंट दोन्ही ठिकाणी सुतांमधील अंतर सारखे आहे का ते टेपने पाहावे. हे जुळवायला मला अजूनही अर्धा तास लागतो, आणि येथे घाई केल्यास पुढचे सर्व आकडे खोटे येतात.

आता पुढच्या चाकाच्या रिमची पुढची कड आणि मागची कड, दोन्हींपासून सुतापर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजावे. समजा पुढे ८२ आणि मागे ८४ मिलिमीटर आले. पुढची कड सुताजवळ आहे, म्हणजे चाक पुढच्या बाजूने बाहेर वळले आहे, आणि त्या चाकाचा टो-आउट दोन मिलिमीटर आहे. रिम किंचित वाकडा असल्याची शंका असेल, तर गाडी ढकलून चाक अर्धा फेरा फिरवावे, पुन्हा मोजावे आणि दोन्हींची सरासरी धरावी. बारा इंची रिमचा कडेपासून कडेपर्यंत व्यास सुमारे ३३० मिलिमीटर भरतो, त्यामुळे एक मिलिमीटर म्हणजे साधारण दहा मिनिटांचा कोन, असा यंत्राच्या भाषेशी मेळ घालता येतो.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांचा टो बहुधा शून्याच्या आसपास, फार तर एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे, ठेवलेला असतो. इंजिन चाकांना पुढे ओढू लागले, की रबरी बुश दाबले जाऊन चाके थोडी आत वळू पाहतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत उलटे होते. त्यामुळे पद्मिनीवर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रीने सवयीने जास्त टो-इन दिला, तर ८०० चे टायर बाहेरून घासतात.

दुरुस्ती करताना लॉक नट सोडून रॉड पाव फेराच फिरवावा, गोणीवर चाक हलवून बसू द्यावे आणि पुन्हा मोजावे. स्टिअरिंगची रॅक, म्हणजे टाय रॉड ढकलणारी आडवी दातेरी पट्टी, चाकांच्या मध्यरेषेमागे असेल, तर टाय रॉड लांब केल्याने टो-इन वाढतो. पुढे असेल, तर कमी होतो. दोन्ही बाजूंना सारखाच फेरा द्यावा, नाहीतर टो बरोबर येऊनही स्टिअरिंगचे चाक वाकडे राहते. रॅकच्या रबरी घडीला रॉडबरोबर पीळ पडत नाही ना, हेही पाहावे.

मागच्या चाकांचीही मापे त्याच सुतावर घ्यावीत. डावे आत आणि उजवे तेवढेच बाहेर दिसले, तर मागचा आस तिरका बसला आहे आणि गाडी रस्त्यावर कुत्र्यासारखी तिरकी चालणार. पुढे कितीही जुळवले तरी तो दोष जात नाही. डाव्या व उजव्या बाजूचे पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचे अंतर ताडून पाहिल्यासही वाकलेला आर्म सापडतो. ८०० मध्ये हे अंतर २१७५ मिलिमीटर आहे.

कॅम्बरसाठी गवंड्याचा ओळंबा पुरेसा आहे. टायरच्या वरच्या बाजूला लाकडाचा तुकडा धरून ओळंबा सोडावा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजावे. ३३० मिलिमीटरच्या रिमवर पावणेसहा मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश. दोन बाजूंत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत आली, तर गाडी एका बाजूला ओढू शकते. या गाड्यांत कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळते तिचा पुढे-मागे झुकाव) यांना कारखान्यातून दिलेली जुळणीची सोय नाही, त्यामुळे तफावत म्हणजे बहुधा वाकलेला स्ट्रट, दबलेली स्प्रिंग किंवा खचलेला बुश. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे: उंची बदलली की टो आणि कॅम्बर दोन्ही बदलतात, आणि एक्सलचे जॉइंट कायम वाकलेल्या कोनात चालून लवकर झिजतात. कॅस्टर घरी मोजण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

यंत्रावर जाताना

दोरीच्या जुळणीवर पहिली फेरी सपाट, मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने घ्यावी. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या बाजूने चालणारी गाडी हात सोडल्यावर किंचित डावीकडे जाणे स्वाभाविक आहे. रस्ता रिकामा आणि दूरवर दिसणारा असेल, तेव्हाच मध्यावर येऊन पाहावे. ब्रेक मारतानाच गाडी ओढत असेल, तर दोष ब्रेकचा आहे. शंभर किलोमीटरच्या आत चाकांचे नट पुन्हा आवळावेत आणि गिअरबॉक्सच्या सीलपाशी तेलाचा ओलावा आहे का ते पाहावे.

यंत्रावर गाडी चढली की जुळणीपूर्वीचे आणि जुळणीनंतरचे, दोन्ही कागद मागून घ्यावेत. पूर्वीच्या कागदावरून आपली दोरी किती खरी बोलली ते कळते; माझा फरक आता चाकामागे एक मिलिमीटरच्या आत राहतो. एका दुकानात माझ्या गाडीचा कॅम्बर साखळी व जॅक लावून स्ट्रट ओढून “सरळ” करण्याची तयारी चालली होती. मी नको म्हटले. अशा रीतीने वाकवलेल्या स्ट्रटमधला दांडा पुढे घासत राहतो आणि तेल गाळू लागतो. वाकलेला भाग बदलावा, किंवा कारण सापडेपर्यंत तसाच राहू द्यावा. घरी परतल्यावर कागदावरचे आकडे, किलोमीटर आणि तारीख मी छपरीच्या दाराच्या आतल्या बाजूस खडूने लिहितो, आणि पहिला पाऊस पडून चिखल वाळला की चाक पूर्ण वळवून बूटच्या घड्या पुन्हा एकदा उघडून पाहतो.